तहहयात अप्पा

शरणबसप्पा अप्पा माझे सख्खे चुलते. ईटजवळच्या आमच्या गावात कळंबच्या बाजारातून वर्तमानपत्र आणणारे ते एकटेच. पेपर शिळा असायचा, पण अप्पा त्यातल्या महायुद्धाच्या बातम्या मोठ्यानं वाचायचे आणि वाचून झालं की ते युद्ध आपणच जिंकल्यासारखा मिशीवरून हात फिरवायचे.

१९४७ च्या शिमग्यात बारवेच्या पाण्यावरून वरली गल्ली आणि खालली गल्ली भिडल्या. घागरी फुटल्या, दोन डोकीही फुटली. आमच्या वरल्या गल्लीत माणसं जास्त, म्हणून आम्ही जिंकलो. त्याच सुमारास अप्पांनी पेपरात वाचलं होतं, की महायुद्धात हरलेल्या देशांनी पॅरिसला तहावर सह्या केल्या.

"युद्ध झालं की तह," अप्पा म्हणाले. "जिंकल्यानं लिहायचा, हरल्यानं अंगठा द्यायचा. जगाची रीतच हाय."

आणि लिहिलाही त्यांनी, थेट कचेरीच्या भाषेत. सकाळचं पाणी वरल्या गल्लीचं, दुपारचं खाललीचं, आणि 'बारवेचा कारभार शरणबसप्पा यांजकडे तहहयात राहील.'

खालल्या गल्लीच्या वतीनं लिंबाजी आले होते. वाचून दाखवलेलं त्यांनी नीट ऐकलं, मान डोलावली. "तहच हाय न्हवं? मग घ्या अंगठा." तहहयात हा तहाचाच एखादा चांगला प्रकार असणार, असं त्यांना वाटलं.

झालं. नियम अप्पा करायचे, मोडणाऱ्याला पकडायचे अप्पाच, आणि मग बारवेच्या दगडावर बसून निवाडाही तेच द्यायचे. आमची आई भाकरी थापता थापता हळूच म्हणायची, "एवढी तीन कामं देवाला सुदिक एकट्याला झेपली न्हाईत. ब्रह्मा, विष्णू, महेश अशी वाटून घ्यावी लागली. आपल्या भाऊजींना झेपतात बघ."

एका सकाळी खालल्या गल्लीतल्या रुद्रम्माक्का घागर घेऊन आल्या. अप्पांनी भरली घागर पायरीवर उपडी केली, वर पाच दिवस पाणी बंद.

"अप्पा, सून बाळंतीण हाय घरात. दुपारी नुसता गाळ येतो."

"तह म्हंजी तह, रुद्रम्मा."

"कवापत्तुर चालायचा ह्यो तह?"

"तहहयात. म्या हयात हाय तवर."

"आस्सं व्हय," म्हणत अक्कांनी रिकामी घागर उचलली.

वैशाखात बसव जयंतीला दोन्ही गल्ल्या महादेवाच्या देवळात जमल्या. अप्पांचं भाषण दरसालचंच. कपाळभर भस्म लावून, गळ्यातल्या लिंगाला हात लावून ते सांगत होते, "मी मी काय करता? शरणबसप्पा कवाच मेला! उरलाय तो निस्ता महादेव!"

रुद्रम्माक्का ताडकन उठल्या आणि त्यांनी गळाच काढला. "ऐकलं का गं बायांनो? अप्पा गेले, लिंगैक्य झाले! देवापुढं सोताच्या तोंडानं सांगितलं त्यांनी! हयात संपली, तह बी संपला!"

देऊळ हसण्यानं दणाणलं. लिंबाजींना तहहयातचा अर्थ तेव्हा कळला.

"आगं, जित्ता हाय म्या!" अप्पा ओरडले.

"मग बसवण्णापुढं खोटं बोललात व्हय?"

अप्पांनी पिंडीकडं बघितलं. देव ऐकतो हे आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं. त्या दिवशी गावही ऐकत होतं. शेवटी ते पुटपुटले, "चालवा तुमचं तुमी."

दुसऱ्या दिवशी सूर्य उगवायच्या आत रुद्रम्माक्का घागर भरून गेल्या. कुणी अडवलं नाही. मग नवा कागद झाला. दोन्ही गल्ल्यांतला एकेक माणूस कारभार बघेल, दरसाल दोघंही बदलतील, आणि ज्याचं भांडण त्यानं निवाड्याला बसायचं नाही. लिंबाजींनी तो कागद तीनदा वाचायला लावला, मग अंगठा दिला.

अप्पा त्यानंतर तेवीस वर्षं जगले, रोज तीन भाकरी खाऊन. पण बारवेकडं यायला लागले, की बाया पदर सावरून हात जोडायच्या आणि एकमेकींना सांगायच्या, "सरका गं, लिंगैक्य अप्पा आले."