डाव्या बंपरवरच्या दोन थापा

माझं अर्धं आयुष्य गाड्यांखाली उताणं पडून गेलं. वाशिमजवळच्या मालेगावात गॅरेज, आणि राहायला गावाबाहेर स्वतःच्या शेतात. शेतापासून डांबरी रस्त्यापर्यंत दीड किलोमीटरची पांदण आहे. दोन्हीकडे शेतांचे धुरे म्हणजे बांध, मध्ये काळी माती, आणि डाव्या अंगानं नालीसारखं वाहणारं पाणी. उन्हाळ्यात तिथून लग्नाची वरात जाईल, पावसाळ्यात बैलगाडीसुद्धा जात नाही. म्हणून आमच्याकडे जुनी फोर-व्हील जीप होती, आणि जीपसोबत बायको होती. गंमत नाही करत. ती जीप एकट्या माणसाची नव्हतीच.

पांदणीत चिंचेच्या झाडाजवळ खोलगट जागा आहे. तिथं डावी चाकं गाऱ्यात, म्हणजे चिखलात, बसायची. गाडीच्या दोन चाकांमध्ये जो दांडा असतो, त्याच्या मधोमध लोखंडी गोळा असतो आणि त्यात दातेरी चक्रं असतात. त्याला आम्ही डिफरन्सल म्हणतो. त्याचा स्वभाव असा, की जे चाक सहज फिरतं त्यालाच तो फिरवत बसतो. गाऱ्यातलं चाक गरगर फिरतं आणि कोरड्यातलं ढिम्म हलत नाही. यावर आमच्याकडे एकच उपाय: फिरणाऱ्या चाकावर माणूस चढवायचा. वजन आलं की चाक माती धरतं.

बायको अंगानं भरलेली होती. पदर खोचायची, चपला गाडीतच काढून ठेवायची, मागच्या डाव्या बंपरवर चढायची आणि हुडाचा पाइप धरून पत्र्यावर दोन थापा मारायची. दोन थापा म्हणजे, घ्या. मी क्लच सोडायचो. गाडी निघायची, ती चिखलानं माखायची आणि वर मीच ओरडायचो, की चढायला एवढा वेळ काहून लावतं. वीस-बावीस पावसाळे असे गेले. गावातले लोक तिला चिडवायचे, "मेस्त्रीणबाई, तुमच्याबिगर गाडी निंघत नाही म्हंतात." ती म्हणायची, "गाडीचं सोडा, गाडीवालाच घरातून निंघत नाही."

मग तिच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा वाशिमला डायलिसिसला न्यावं लागायचं. डायलिसिसची पाळी चुकली की पाय सुजायचे, दम लागायचा. तिथं दर वेळी आधी तिचं वजन करायचे. तिला ते आवडायचं नाही. अंगातलं पाणी काढल्यावर जे खरं वजन उरायचं, ते महिन्या-महिन्याला उतरत चाललं होतं. घरी आली की बांगड्या मागे सरकवून मनगट बघायची आणि म्हणायची, "होईन भरून."

त्या पावसाळ्याच्या सुरुवातीलाच वाशिमहून परत येताना गाडी चिंचेजवळ बसली. मी काही म्हणायच्या आत ती उतरली, बंपरवर चढली, दोन थापा मारल्या. मी क्लच सोडला. चाक फिरत राहिलं. पुन्हा थापा, पुन्हा तेच. मी खाली उतरून पाहिलं तर ती सगळा जोर देऊन उभी होती आणि बंपर जराही दबला नव्हता. शेवटी शेजारच्या शेतातला ट्रॅक्टर आणून गाडी ओढली. तिनं विचारलं, "काहून नाही निंघाली?" मी म्हणालो, "गारा जास्त आहे." गारा किती आहे हे तिला माझ्याहून जास्त कळत होतं.

उन्हाळ्यात अकोल्याचं एक हौशी गिऱ्हाईक माझ्याकडून जीपला लॉकर बसवून घेऊन गेलं होतं. डोंगरात गाड्या चढवायचा त्याला नाद. लॉकर म्हणजे जुना गोळा काढून त्याजागी बसवायचा नवा. बटन दाबलं की हवेच्या दाबानं दोन्ही चाकं एकमेकांना बांधली जातात. एक फिरलं की दुसऱ्याला फिरावंच लागतं, मग वजनबिजन लागत नाही. मी तसेच दोन मागवले, पुढच्या आणि मागच्या चाकांसाठी. दोन पाळ्यांच्या मधले तीन दिवस हातात होते. पावसाची झड लागलेली. तिसऱ्या संध्याकाळपर्यंत गाडी उभी झाली नसती तर तिची पाळी चुकली असती.

घराच्या टिनाखाली जीप ठोकळ्यांवर उचलली. तेल काढलं, चाकांचे दांडे ओढले, जुने गोळे बाहेर काढले. ती शेजारी खुर्ची टाकून बसायची आणि मी काढलेले बोल्ट रॉकेलमध्ये धुऊन परातीत ओळीनं मांडायची. पुढचं काम दीड दिवसात झालं. मागचं अडलं. दात एकमेकांना मधोमध भिडतात की नाही हे बघायला त्यांच्यावर रंग लावून चक्र फिरवतात, आणि माझ्याजवळचा रंग डबीत वाळून खडा झाला होता. मी कपाळाला हात लावून बसलो. ती म्हणाली, "शेंदूर नाही का चालत? मारुतीचा आहे नं डब्यात."

शेंदूर चालतो. तीस वर्षं मेस्त्री म्हणवून घेणाऱ्याला ते सुचलं नव्हतं. तिनं ताटलीत शेंदूर तेलात कालवला, काडीला कापूस गुंडाळला आणि एकेक दात रंगवला, देवाचं करतात तसा हळू. मी चक्र फिरवलं. खूण दाताच्या कडेला पडली. मी पातळ चकती बदलली, पुन्हा रंग, पुन्हा फिरवणं. चौथ्यांदा ती वाकून बघत म्हणाली, "आता बरोब्बर मधात आली." आली होती.

तेव्हाच तिनं विचारलं, "याच्यानं काय होईन?"

"तुले काय करायचं? ताटली धर नीट," मी म्हणालो.

आता तुला उतरावं लागणार नाही, एवढं एकच वाक्य पुरे होतं. पण मला ते सांगायचं नव्हतं, दाखवायचं होतं. कारागिराला ही खाज असतेच.

चौथ्या दिवशी सकाळी निघालो. चिंचेजवळ गाडी थांबवली, कारण लॉकर उभ्या गाडीत लावायचा असतो. मी बटन दाबेपर्यंत तिच्या बाजूचं दार वाजलं. गाडी थांबली म्हणजे फसली, हे तिच्या अंगात इतकं मुरलेलं. आरशात पाहिलं तर ती चिखलातून मागे चालली होती. बंपरवर चढताना मध्येच थांबून तिनं दम घेतला. मला हाक मारता आली असती. नाही मारली. बटनांचे दिवे लागले होते, लॉकर बसले होते, आणि माझं सगळं ध्यान त्यात होतं.

दोन थापा आल्या. हलक्या होत्या.

मी क्लच सोडला आणि जीप घरच्या अंगणातून निघावी तशी निघाली. पक्क्या जागी थांबवली. ती उतरून पुढे आली. तोंडावर चिखलाचे शिंतोडे, छाती भात्यासारखी चाललेली, आणि हसत होती. कित्येक महिन्यांनी हसत होती.

"पाह्यलं? अजून वजन आहे मायं."

आणि मी म्हणालो, "तुयं कायचं वजन? लॉकरनं काढली गाडी. तू उतरली नसती तरी निंघाली असती." वर बोटानं बटन दाखवलं.

तिनं बटनाकडे पाहिलं. "असं का," म्हणाली. पदरानं तोंड पुसलं आणि येऊन बसली. वाशिमला वजनकाट्यावर उभी राहिली तेव्हा तिनं खाली पाहिलं नाही.

त्या पावसाळ्यात तिची एकही पाळी चुकली नाही. चिंचेजवळ मी थांबायचो, बटनं दाबायचो, आणि ती मांडीवर हात ठेवून समोर बघत राहायची. पुन्हा कधी उतरली नाही. मार्गशीर्षात गेली. तेरवीला आलेले लोक म्हणाले, तुमी तिच्यासाठी काही कमी नाही केलं. मी मान हलवत राहिलो. मला फक्त एक वाक्य गिळायचं होतं. शेंदराचा रंग सुचवणारी बाई, तिला त्या दिवशी तिचं वजन देऊन टाकलं असतं तर माझं काय गेलं असतं? हे मला रोज खातं.

या भादव्यात मी एकटाच पांदणीतून येत होतो. चिंचेजवळ थांबलो आणि बटनं दाबली नाहीत. रेस दिली. डावं चाक गरगर फिरलं. गाडी न्यूट्रल केली, हँडब्रेक ओढला, चपला गाडीतच काढल्या आणि चिखलातून मागे जाऊन डाव्या बंपरवर चढलो. इतक्या वर्षांत त्या जागी मी कधी उभा राहिलो नव्हतो. तिथून पुढचं काही दिसत नाही. हुडाच्या मागच्या खिडकीतून चालवणाऱ्याची नुसती मान दिसत असेल.

मी पत्र्यावर दोन थापा मारल्या. इंजिन चालू होतं. समोर सीट रिकामी होती.

"तुयंच वजन होतं वं," मी म्हणालो. "तुयाच वजनानं निंघाली होती."

मग उतरलो, पुढे जाऊन बसलो आणि बटनं दाबली. गाडी निघाली.