बाबांनी रंगवलेलं बॉनेट

आयटीत नोकरी लागल्यावर मी जी पहिली गाडी घेतली ती पांढरी होती, निदान विकणाऱ्याचं तसं म्हणणं होतं. गाडी जुनी, दुसऱ्याची वापरलेली; उन्हानं बॉनेटच्या रंगाचे पापुद्रे सुटले होते. गॅरेजला टाकते म्हटलं, तर बाबांचा चेहराच उतरला. "रंगाचं मला सांगतेस?" म्हणाले.

त्यांना तसं म्हणायचा हक्क होता. सरकारी नोकरीत त्यांनी सगळा जन्म नकाशे काढण्यात आणि रंगवण्यात घालवला. नदीचा निळा, शेताचा हिरवा, सगळे रंग स्वतः बशीत कालवायचे. थेंबभर रंग डाव्या अंगठ्याच्या नखावर लावून मूळ नकाशाशेजारी धरायचे, आणि दोन्ही एक दिसले की मगच ब्रश उचलायचे. साहेब लोकसुद्धा रंगाच्या बाबतीत त्यांच्यापुढे तोंड उघडत नसत. रिटायर झाल्यापासून मात्र त्यांना कुणी काही विचारेनासं झालं होतं. घरातला कॉम्प्युटर माझा, फोन माझा, आता गाडीही माझी. म्हणून मी म्हटलं, करा.

ट्रेनिंगसाठी मी आठवडाभर बंगलोरला गेले. परत येऊन बघते तर आमच्या येरवड्याच्या सोसायटीत गाडी उभी, आणि तिचं बॉनेट खरवसाच्या रंगाचं! तेही खिडकीच्या गजांना लावतात त्या ऑइलपेंटनं, ब्रशचे फटकारे दिसतील असं. बाबा शेजारी उभे होते. नख माझ्यापुढे धरून म्हणाले, "बघ, जोड कुठं आहे ते शोधून दाखव."

"नाहीच सापडत," मी म्हटलं.

पुढे इंजिनाच्या उष्णतेनं त्या रंगावर फोड आले. ऑफिसात एका मित्रानं गाडीला कावीळ झालीये का म्हणून विचारलं. मी गाडी पार्किंगच्या अगदी टोकाला लावायला लागले, पण नेणं सोडलं नाही. संध्याकाळी बाबा गॅलरीत उभे असायचे, आणि गाडी आत शिरली की त्यांची नजर आधी बॉनेटवर जायची.

एक दिवस न राहवून आईला विचारलं, की ज्यांनी जन्मभर रंग कालवले त्यांच्या हातून हे झालंच कसं? आई भाजी निवडता निवडता थांबली. "बुद्धपौर्णिमेला विहारात जाताना माझी पांढरी साडी वाळली नव्हती. मी ती फिकट पिवळी नेसले. तर हे म्हणतात, बरं केलंस, पांढरीच नेसलीस. मला वाटलं थट्टा करतायत."

मला रडूच आलं. बाबांनी रंग जुळवला होता तो अगदी मन लावून. त्यांच्या डोळ्यांनाच पांढरा आणि पिवळट यांतला फरक कळत नव्हता.

डॉक्टर म्हणाले, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, हळूहळू वाढत गेला की माणसाच्या लक्षातही येत नाही. आधी एका डोळ्याचं ऑपरेशन करू, महिन्याभरानं दुसऱ्याचं. बाबांनी मान डोलावली. मला मात्र एकाच गोष्टीची धास्ती वाटत होती. पट्टी निघाली की त्यांना ते बॉनेट दिसणार. या वयात स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास उडाला तर त्यांच्याजवळ उरणार काय?

मी स्वारगेटजवळच्या एका गॅरेजात गेले. गॅरेजवाल्यानं बॉनेटवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "मॅडम, हे खरवडत बसण्यापेक्षा दुसरं टाकू. पट्टी निघायच्या आत देतो." अर्थातच दिलं नाही; बॉनेट अजून यायचंय म्हणाला. पट्टी निघाल्यावर बाबांना मी रिक्षानं घरी आणलं, आणि गाडी सोसायटीच्या मागे नेऊन तिच्यावर कव्हर घातलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा घरात नव्हते. मी धावत खाली गेले. कव्हर जमिनीवर पडलं होतं आणि बाबा काळा चष्मा कपाळावर सरकवून बॉनेटसमोर उभे होते. एका डोळ्यापुढे हात धरून बघत होते, मग दुसऱ्या डोळ्यापुढे, मग पुन्हा पहिल्या.

"या डोळ्यानं एकदम एकसारखं दिसतंय," मला बघून ते म्हणाले. "आणि या नव्या डोळ्यानं..." त्यांनी बॉनेटच्या कडेवरून बोट फिरवलं. मग विचारलं, "आणि तू ही गाडी रोज ऑफिसला नेत होतीस?"

"हो."

"का पण?"

"तुम्ही रंगवली होती म्हणून."

त्यांनी चष्मा डोळ्यांवर ओढून घेतला. त्यांना धीर यावा म्हणून मी सांगितलं, की गॅरेजवाल्याकडे दुसरं बॉनेट येतंय, दोन दिवसांत बसवून देईल, काही काळजी करू नका.

बाबांनी बॉनेटवरचा एक फोड नखानं उचकटला. "दुसरा डोळा होईपर्यंत थांबशील?" ते हळूच म्हणाले. "मग रंग मीच जुळवतो. या खेपेला बरोबर जुळेल."

बाबांनी तोपर्यंत माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. मी तिथूनच गॅरेजवाल्याला फोन लावला आणि बॉनेट नको म्हणून सांगून टाकलं.