महूच्या टेकडीवरचा रानकांदा

"कोणत्या महिन्यात पाहिलं?" ताईंनी असं विचारलं की समोरचा गडबडायचा. अमुक झाड आपल्याकडे नाहीच, असं कुणी म्हणालं की चष्मा कपाळावर सरकवून हाच प्रश्न. भाचीसाठी आलेलं स्थळ चांगलं आहे हे ऐकल्यावरही त्यांनी तेच विचारलं होतं, आणि लग्नसराईत सगळेच चांगले दिसतात अशी पुस्ती जोडली होती.

इंदूरच्या आमच्या कॉलेजात त्या वनस्पतिशास्त्र विभागाच्या लॅब अटेंडंट. राहायला छत्रीबागेत. पणजोबा संस्थानच्या घोडदळात होते, हे फार तर दुसऱ्या भेटीत कळायचं. मी सांगलीकडून आलेला नवा प्राध्यापक. वाळवलेले नमुने त्या चिकटवायच्या आणि लेबलावर सही माझी असायची. तुमच्याही ऑफिसात असं कुणीतरी असेलच.

महूच्या अलीकडे एक मुरमाड टेकडी आहे. कॉलेजने तिथे झाडं लावायचं ठरवलं आणि जागेचा अहवाल माझ्याकडे आला. मी जानेवारीत गेलो, तासाभरात परतलो आणि लिहिलं, 'ओसाड. लागवडीस योग्य.' ताईंनी तो कागद वाचला आणि चष्मा कपाळावर सरकवला. मी हसून विषय टाळला, याची आजही लाज वाटते.

मे महिन्यात त्यांनी मला जवळजवळ ओढतच टेकडीवर नेलं. दगडांमधून बिनपानांचे सरळ दांडे वर आले होते. ऊन उतरलं तशी त्यांवरची मळकट पांढरी फुलं एकेक करून उमलायला लागली. रानकांदा. त्याची पानं पावसाळ्यात येतात, हिवाळ्यात वाळून जातात, आणि मग जमिनीवर खूण म्हणून काही उरत नाही. मी नेमका कांदा झोपलेला असताना जाऊन आलो होतो. खड्डे खणायचं मशीन पुढच्याच आठवड्यात येणार होतं.

"सर, रिपोर्ट बदला," ताई म्हणाल्या. "मशीन घुसली ना, तो कांदा नीचेच कापला जाईल. मग काही उरणार नाही इथे."

माझं प्रोबेशन चालू होतं. लेखी चूक कबूल करायची छाती होईना, म्हणून प्राचार्यांना नुसतं तोंडी सांगितलं. ही जात देशभर सापडते, संकटग्रस्तांच्या यादीतही नाही, असं म्हणून त्यांनी मला वाटेला लावलं. ताई फाइल घेऊन दारातच उभ्या होत्या.

"लिस्ट पूरे देश की आहे, सर," त्या म्हणाल्या. "टेकडी तर आपली आहे ना."

औषधासाठी लोक कांदे खणून नेतात, आजूबाजूच्या टेकड्यांवर कॉलन्या झाल्या, हेही त्यांनी ऐकवलं. प्राचार्य म्हणाले, ज्यांनी अहवाल दिला त्यांनीच लेखी द्यावं. मी मान डोलावली आणि आठवडाभर एक ओळही लिहिली नाही.

मशीन आलं त्या सकाळी ताई कामावर आल्या नाहीत. साडेदहाला ड्रायव्हरचा फोन आला. एक बाई मशीनसमोर डबा उघडून बसल्या होत्या. उठा म्हटलं की त्यालाच पराठा द्यायच्या, आणि काही विचारायचं असेल तर विचारा म्हणून त्यांनी माझा नंबर दिला होता.

मी पोहोचलो तेव्हा त्यांच्या डोक्यावर पदर होता आणि चेहरा उन्हाने लाल झाला होता. मला पाहून त्या सरकल्या आणि मशीनच्या सावलीत जागा करून दिली. तिथेच गुडघ्यावर कागद ठेवून मी लिहिलं, 'माझा जानेवारीतला अहवाल चुकीचा आहे.' फोटो काढून प्राचार्यांना पाठवला. दुपारी मशीन खालच्या सपाट जागेकडे वळलं. ताईंनी कागद दोनदा वाचला.

"अब सही शोभते," म्हणाल्या.

त्यानंतर दर मे महिन्यात आम्ही दांडे मोजायला जायचो. दोघांनी वेगवेगळं मोजायचं आणि आकडे जुळले तरच वहीत लिहायचं, हा त्यांचा नियम. निवृत्त होऊन सांवेरला लेकीकडे गेल्यावरही त्या दोन बस बदलून यायच्या. एकाचा जरी फरक पडला तरी पुन्हा सुरुवात, मग माझी कितीही कुरकुर असो.

मागच्या हिवाळ्यात ताई गेल्या.

या मे महिन्यात मी एकटाच गेलो. एकदा मोजलं, परत मोजलं, आकडे जुळेनात. दोन्हींपैकी कुठलाही लिहिला असता तरी विचारणारं कुणी नव्हतं. मला त्यांची फार आठवण आली. वही खिशात घातली आणि टेकडीच्या खालच्या टोकापासून पुन्हा मोजायला लागलो.