हार्ट अटॅक, असं मीच सांगितलं

हे आजवर मी कुणापुढेही बोललेले नाही. तुम्हाला का सांगतेय — खरंच माहीत नाही.

माझा धाकटा भाऊ अविनाश फरीदाबादला एका कारखान्यात इंजिनिअर होता, माझ्याकडेच राहायचा. पाठीचं ऑपरेशन झालं, दुखण्यावर गोळ्या मिळाल्या. पाठ बरी झाली, पण गोळ्या सुटेनात. एका रविवारी दुपारी तो सोफ्यावर झोपला होता. घोरत होता — नेहमीसारखं नाही, घशात पाणी अडकल्यासारखं. मला वाटलं, लागलाय डोळा, झोपू दे. मी टीव्हीचा आवाज कमी केला. तासाभराने चहा घेऊन गेले तर ओठ निळे पडलेले.

हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, गोळ्यांचा ओव्हरडोस. तसं घोरणं म्हणजे श्वास बंद पडत चालला होता. हलवून पाहायचं, उठला नाही तर लगेच आणायला हवं होतं. मी ऐकून घेतलं. बाहेर येऊन पुण्याला आत्याला फोन केला — हार्ट अटॅक.

पण तेवढंच असतं तर मी लिहायला बसले नसते.

चार महिन्यांनी मीनल आली. आमच्या गणपती मंडळातली, पंधरा वर्षांची मैत्री. दिल्लीतल्या करोल बागेहून मेट्रो बदलत एकटीच आलेली. बसायच्या आधीच म्हणाली, "ताई, अविनाशदादा गोळ्या घ्यायचे का? खरं सांगा. ऋताच्या पर्समध्ये सापडल्यात. बिल्कुल ऐकत नाही ती. मी कशावर लक्ष ठेवू?"

ऋता म्हणजे तिची मुलगी. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती.

काय अवघड होतं? दोन वाक्यं सांगायची होती. मी म्हणाले, "अगं, काहीतरीच काय! आमच्या घरात असलं काही नाही हं."

असलं! माझ्या भावाच्या आजाराला मी तो शब्द वापरला. मीनलचा चेहरा पडला. "सॉरी ताई," म्हणाली — माफी तिने मागितली — आणि चहाही न घेता निघाली. त्यानंतर तिने कुणाकडे हा विषय काढला असेल? मी असं म्हटल्यावर?

त्याच थंडीत ऋता गेली. भेटायला गेले तेव्हा मीनल मला म्हणाली, "सकाळी घोरत होती हो. परीक्षा संपली होती ना, म्हटलं झोपू दे. मी दार लोटून घेतलं."

मी तिचा हात धरून बसले होते. तेव्हाही बोलले नाही. दोन वर्षं झाली. ती मला अजून ताई म्हणते, सणाला डबा पाठवते, आणि मी तो घेते.

उद्या सकाळी तिच्याकडे जाणार आहे. मला माहीत होतं, तू विचारलंस आणि मी खोटं बोलले, एवढंच सांगेन. भावाची अब्रू राखायची होती — नाही, माझी. माफ कर असं म्हणणार नाही. तसं म्हटलं तर तिला काहीतरी उत्तर द्यावं लागेल.