खबर देणाऱ्याचं नाव

इंदूताई सोनवणे यांची आणि माझी पहिली भेट भांडणानं झाली, आणि भांडण मीच काढलं होतं. सिद्धगडाच्या पायथ्याच्या आमच्या पाड्यातून बारावी पास झालेला मी पहिलाच, त्यामुळे डोक्यात जरा हवा गेलेली. कॉलेजच्या प्रवेशाला जातीचा दाखला हवा होता आणि दाखल्याला घराण्याची जुनी नोंद. वडील शाळेची पायरी चढलेले नव्हते, म्हणजे राहिले आजोबा. त्यांच्या जन्माची नोंद शोधायला मुरबाडच्या तहसील कचेरीतल्या रेकॉर्ड रूमला मी तीन खेपा घातल्या आणि तिन्ही वेळा 'नोंद आढळत नाही' एवढा शेरा घेऊन घरी गेलो. चौथ्या खेपेला टेबलामागं कचेरीतल्याच, पण त्या टेबलावर नव्यानं बसलेल्या एक बाई होत्या. मी त्यांच्यावरच आवाज चढवला, "मग माझे आजोबा जन्मलेच नाहीत, असं लिहून द्या."

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. "जन्मले असतील रे. तुझ्या गावात जन्मले नसतील. आजोबा भावंडांत कितवे?"

"थोरले."

"मग पहिलं बाळंतपण माहेरी झालं असणार. आजोबांचं आजोळ कुठलं?"

मला कुठं ठाऊक! बारावी पास आणि आजोबांचं आजोळ माहीत नाही. बाई म्हणाल्या, "घरी जा. कागद मागायच्या आधी घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला विचारायचं असतं." घरी आजोबांच्या धाकट्या बहिणीनं गावाचं नाव एका दमात सांगितलं. ते निघालं शहापूर तालुक्यात. नोंद मोडीत असेल, तिथं तुला वाचून कोण देणार, म्हणून ताई रजा टाकून माझ्याबरोबर शहापूरला आल्या. दुपारपर्यंत पानं उलटल्यावर एका ओळीवर त्यांचं बोट थांबलं. त्यांनी ती ओळ मला मोठ्यानं वाचून दाखवली, बापाचं नाव, जात, मुलगा की मुलगी, तारीख आणि शेवटच्या रकान्यात 'खबर देणार'. तिथं आजोबांच्या मामाचं नाव होतं. "हा माणूस हातातलं काम टाकून कोतवालाकडं सांगायला गेला," ताई म्हणाल्या, "म्हणून तुझा प्रवेश होतोय. नाव लक्षात ठेव." प्रवेशाची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. ते नाव मी आजही विसरलेलो नाही.

हे सगळं आज लिहितोय ते ताईंच्या अमृतमहोत्सवाच्या गौरवग्रंथासाठी. खरं तर हा ग्रंथ जूनमध्येच निघायचा होता. तो अडला तो ताईंच्या एका अटीवर, आणि ती अट पुरी करायचं काम समितीनं माझ्या गळ्यात घातलं. त्याविषयी सांगतोच, पण आधी ताईंच्या कामाविषयी लिहिलं पाहिजे, नाहीतर ती अट म्हणजे म्हातारपणचा हट्ट वाटेल.

पुढं काही वर्षांनी मी परीक्षा देऊन कारकून झालो आणि नशिबानं ताईंच्याच हाताखाली आलो. रेकॉर्ड रूम म्हणजे छतापर्यंत लाकडी घडवंच्या आणि त्यांवर लाल कापडात बांधलेली दप्तरं. त्यांतल्या कोतवालाच्या वह्या हा ताईंचा जीव. गावात कोण जन्मलं, कोण गेलं, हे पूर्वी कोतवाल वहीच्या दोन भागांत लिहून ठेवायचा. कचेरीतल्या एका वृद्ध कारकुनांकडून ताई मोडी शिकल्या होत्या, डबा खायच्या सुट्टीत, वर्षभर. मला त्यांनी तसंच शिकवलं. माझी मोडी बघून त्या म्हणायच्या, "दत्तू, मेलेला माणूस उठून बसेल रे तुझं वाचन ऐकून, चूक सुधारायला."

त्यांच्या टेबलापुढची रांग आली त्या क्रमानं पुढं सरकत नसे. सकाळी आल्या आल्या त्या रांगेतल्या प्रत्येकाला एकच गोष्ट विचारायच्या, "तुमची शेवटची एसटी कितीची?" ज्याची गाडी आधी, त्याचं काम आधी. एकदा रांगेत पहिले उभे असलेले एक बडे बागायतदार यावरून तापले. ताई त्यांना शांतपणे म्हणाल्या, "साहेब, तुमची जीप तुमच्याशिवाय जायची नाय. ह्या मावशीची गाडी जाईल." मावशी माळशेजच्या बाजूच्या होत्या आणि आयुष्यात पहिल्यांदा कचेरीत आल्या होत्या. बागायतदार धुसफुसत बसले खरे, पण बसले. ताईंच्या हयातभराच्या नोकरीत त्यांच्यामुळे कुणाची एसटी चुकली, असं कुणी दाखवून द्यावं.

त्यांचा दुसरा नियम मला फार महागात पडला. जुन्या नोंदींत पुष्कळदा बाळाचं नावच नसे. बारसं व्हायच्या आधी खबर दिलेली, त्यामुळे नुसतं 'मुलगा' किंवा 'मुलगी'. मी नवा असताना एका माणसाला नक्कल देताना त्याच्या आजीचं नाव आपलं आपणच लिहून टाकलं. तेवढीच त्याची सोय, असं मला वाटलं. ताईंनी ती नक्कल रद्द केली आणि नवी नक्कल घेऊन मला त्या माणसाच्या गावी पाठवलं, माफी मागायला. "जे लिहिलंय तेवढंच आपलं," त्या म्हणाल्या. "आज तू चांगलं म्हणून घालशील, उद्या दुसरा कुणी वाईट म्हणून घालेल." उन्हातून चार मैल चालताना मी ताईंना मनातल्या मनात काय काय बोललो, ते या ग्रंथात छापण्यासारखं नाही.

आणि एक प्रसंग. एक मुलगी आजोबांची नोंद घ्यायला आली होती. घर बौद्ध, दीक्षा घेऊन दोन पिढ्या झालेल्या. नोंद सापडली आणि ताई वाचू लागल्या तशी ती हळूच म्हणाली, "मॅडम, जातीचा रकाना मनात वाचा ना." खोलीत बरीच माणसं होती. ताईंनी वही तिच्याकडं फिरवली आणि म्हणाल्या, "माझ्या बापाच्या नावापुढंही हाच शब्द आहे, बाळ. तो ज्यांनी लिहिला ती त्यांची वही. आपण त्यातून आपला माणूस घ्यायचा आणि निघायचं." मग मुलीनं तो रकाना स्वतःच वाचला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. ती आज शिक्षिका आहे आणि आमच्या गौरव समितीची चिटणीसही.

आता ती अट. निवृत्तीनंतर ताई वैशाखऱ्याला, आपल्या मूळ गावी, थोरल्या बहिणीकडं राहतात. बहिणीला सगळे आक्का म्हणतात. आक्कांच्या पाठीवरची दुसरी बहीण लहानपणीच वारली, उरल्या या दोघी. समितीची माणसं त्यांच्याकडं जन्मतारीख विचारायला गेली तेव्हा मीही होतो. शाळेच्या दाखल्यावर एक जून आहे, असं कुणीतरी म्हणालं.

"आमच्या हेडमास्तरांनी अख्ख्या वर्गाला एक जून दिली होती," ताई म्हणाल्या. "लोकांना जन्मभर मी नोंद दाखवा म्हणून सांगितलं. आता मीच बिननोंदीचा सत्कार घेऊ? नोंद आणा, मग हार घाला."

आम्ही हसलो. मी म्हटलं, "आणतो की. वैशाखऱ्याची वही काय, मला पाठ आहे."

"मी पाह्यलीय," ताई म्हणाल्या. "मोडी वाचता यायला लागली त्याच महिन्यात पाह्यली. माझी ओळ नाय त्यात. तिसरी मुलगी. खबर द्यायला कोण जातंय?"

हे त्या हसत हसत म्हणाल्या. पण इतकी वर्षं मी त्यांच्या शेजारी बसलोय, त्यांचं हसू मला कळतं. हजारो माणसांना त्यांच्या जन्माची खबर कुणी दिली, हे वाचून दाखवणाऱ्या बाईंनी स्वतःपुरतं ठरवून टाकलं होतं, की आपली खबर कुणाला द्यावीशीच वाटली नाही. मला फार वाईट वाटलं आणि थोडा रागही आला, त्यांचा की त्यांच्या बापाचा, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

मी तरीही वैशाखऱ्याची वही पुन्हा पाहिली, पुढची-मागची वर्षं पाहिली, आईच्या माहेरच्या गावची पाहिली. नाही म्हणजे नाहीच. जून गेला, गणपती गेले. समितीतले लोक माझ्याशी तिरकं बोलू लागले. आणि मग एक दिवस मलाच माझी लाज वाटली. कागद मागायच्या आधी घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला विचारायचं, हे ज्यांनी मला पहिल्याच दिवशी शिकवलं, त्यांच्याच बाबतीत मी ते विसरलो होतो.

ताई पेन्शनच्या कामाला मुरबाडला गेल्याचं बघून मी वैशाखरे गाठलं. आक्का ओट्यावर नाचणी पाखडत होत्या. त्यांना विचारलं.

"इंदी वैशाखऱ्यात कुठं झाली?" आक्का म्हणाल्या. "आटगावला झाली ती. बा तिकडं खडी फोडायला होता, खाणीवर. आमी सगळीच होतो. मी चांगली कळती होती तवा."

"मग तुम्ही ताईंना कधी सांगितलं नाहीत?"

"तिनं कदी इचारलंच नाय रे. बारीक होती तवा मी चिडवायची तिला, बोहारणीला जुनं लुगडं देऊन तुला घेतली म्हणून. तवापासून तो इषयच काढला नाय तिनं." आक्कांनी सूप खाली ठेवलं. "मना काय ठावं, ती मनाला लावून घेईल."

आटगाव म्हणजे शहापूर तालुका. ताईंनी मला तालुक्याची हद्द ओलांडायला लावली आणि स्वतः मात्र ओलांडली नव्हती. मी दुसऱ्याच दिवशी शहापूरला गेलो. ओळ सापडायला अर्धा तासही लागला नाही. मी रीतसर अर्ज केला, नक्कल घेतली आणि तिथूनच मुरबाडमार्गे वैशाखऱ्याला आलो.

दोघी बहिणी ओट्यावर होत्या. भात कापून झालं होतं आणि पेंढ्या अंगणात पडल्या होत्या. मी ताईंच्या समोर बसलो आणि त्यांनी शिकवलं तसंच, एकेक रकाना मोठ्यानं वाचू लागलो. बापाचं नाव. जात. राहणार वैशाखरे, हल्ली आटगाव, खडीची खाण. मुलगी. बाळाचं नाव नाही. तारीख वाचली तेव्हा कळलं, की ताई पंचाहत्तर पुऱ्या करणार त्या याच कापणीच्या महिन्यात. आक्कांनी मान डोलावली.

"खबर देणार," मी वाचलं, "बाप, स्वतः. खबर दिल्याची तारीख, जन्माचीच."

ताईंनी चष्मा काढला. "कोण?"

"बाप. स्वतः. त्याच दिवशी."

"तू घातलं नायस ना?"

"ताई, एकदा चार मैल चाललोय मी उन्हातून."

त्यांनी नक्कल हातात घेतली, शिक्का पाहिला, सही पाहिली. मग कागद परत माझ्याकडं दिला. "परत वाच."

मी परत वाचलं. तिसऱ्यांदा वाचलं. चौथ्यांदा वाच म्हणाल्या तेव्हा आक्काच मधे पडल्या, "अगो, पुरे आता. त्याची एसटी जाईल."

"जाऊ दे," ताई म्हणाल्या. "वाच रे तू."

माझी एसटी गेली. रात्रीचा मुक्काम वैशाखऱ्याला झाला आणि भाकरी आक्कांच्या हातची मिळाली. ताईंनी सत्काराला होकार दिला, पण हार नको, भाषणं थोडी, आणि कार्यक्रम लांबच्या गावांच्या शेवटच्या गाड्या सुटायच्या आत संपला पाहिजे, या अटींवर.

ताई, कोतवालाच्या वहीत दोन भाग असायचे. तुमची ओळ पहिल्या भागात सापडली, आमचं काम झालं. दुसऱ्या भागाची इथं कुणालाही घाई नाही. डोळे असेच धड राहोत, गुडघ्यांनी कुरकूर कमी करावी, आणि आक्कांनी तुम्हाला अजून पुष्कळ वर्षं चिडवावं. मुरबाड आणि शहापूर तालुक्यांतल्या सगळ्यांना कळावं म्हणून ही खबर आम्ही इथं नोंदवतो, की इंदूताई सोनवणे पंचाहत्तर वर्षांच्या झाल्या आहेत आणि मजेत आहेत. खबर देणार, तुमचा दत्तू, स्वतः.