टोपीवर राहिलेले पाय

प्राचीन इजिप्तच्या चित्रलिपीतला मी वाचायला शिकलेला पहिला शब्द अगदी रोजचा होता. खालून उघडी चौकट म्हणजे घर, त्याखाली तोंड आणि शेजारी चालते दोन पाय. अर्थ, बाहेर निघणे. शाळेच्या वाचनालयात वाळवीनं खाल्लेलं पुस्तक होतं, त्यात सापडला. गोंदिया जिल्हा वेगळा होऊन दोन-तीन वर्षं झाली तरी आमच्या वर्गातला जिल्ह्याचा नकाशा जुनाच होता, आणि मी निघाले होते फारोंच्या भिंती वाचायला. शहाणपणा असा की विचारू नका.

बाबा मॅंगनीजच्या खाणीत, जमिनीखाली कामाला. सकाळच्या पाळीला निघताना त्यांनी माझी वही पाहिली.

"हे काय काढून राहिली?"

"बाहेर निघणं. ते लोक असंच लिहीत."

"मंग माह्या टोपीवर काढ."

आई चुलीपासून म्हणाली, "गंडेदोरे सोडले ना आपण? मंग हे कायले?"

"गंडा नाही, शब्द हाये," बाबा म्हणाले.

मी रंगानं घर काढलं, तोंड काढलं, तेवढ्यात खाणीचा भोंगा झाला. "पाय संध्याकाळी काढजो," म्हणत बाबा गेलेसुद्धा.

खाणीची रीत अशी: खाली उतरणारा आपलं पितळी टोकन खिडकीत देतो आणि टोपीचा दिवा घेतो. वर आला की दिवा परत द्यायचा, टोकन परत घ्यायचं. फळ्यावर ज्याचं टोकन, तो माणूस खाली. दुपारी पाळी सुटून तास झाला तरी बाबा घरी आले नाहीत, म्हणून आईनं मला खाणीवर पाठवलं. सकाळच्या पाळीचं एकच टोकन फळ्यावर होतं, बाबांचं. त्यांचा नंबर मला स्वतःच्या हजेरी नंबराहून जास्त पाठ होता.

खिडकीतल्या काकांनी फळ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलंच नाही, आणि फोन उचलला. मी बापाला घर आणि तोंड देऊन खाली पाठवलं होतं. बाहेर यायचे पाय मीच दिले नव्हते. शेजारणींच्या काळ्या दोऱ्यांना फिदीफिदी हसणारी मी, तिथंच बसून बोटानं धुळीत पाय काढायला लागले. एकही पाय धड येईना. दोन माणसं शोधायला खाली उतरायची तयारी करत होती आणि मी पुसत होते, परत काढत होते.

मग दवाखान्याच्या रस्त्यानं बाबा येताना दिसले. टोपीवर दिवा तसाच. वर आल्या आल्या जोडीदाराला भोवळ आली, त्याला पाठीवर टाकून ते थेट दवाखान्यात गेले होते, आणि दिवा द्यायचं, टोकन घ्यायचं पार विसरले. काका त्यांना नको नको ते बोलले. मला बरं वाटलं, माझ्या वाटणीचंही तेच बोलले.

घरी येईपर्यंत मी तोंड फुगवून होते. बाबांनी टोपी माझ्यासमोर ठेवली.

"पाय काढ."

"आपण असलं मानत नाही ना?" मी फणकारले.

"नाही मानत." मग आईला ऐकू जाणार नाही अशा बेतानं ते म्हणाले, "पण आज दिवसभर खाली मले तेच आठवून राहिलं होतं. काढ माय. दोन्ही काढ."