गच्चीवरचे ठोकळे

देवव्रत हसला, ही गोष्ट श्यामलाताईंच्या मनातून जात नव्हती. टेंडर हातचं गेल्यापासून पोरगा घुम्यासारखा वावरत होता, आणि आज जेवताना किशोरचं नाव निघताच तो चक्क हसला होता.

पंचवटीतलं त्यांचं घर यात्रेकरूंच्या पूजा सांगणाऱ्यांचं. देवव्रत मात्र गच्च्या चढणारा निघाला. सरकारी शाळांवर, दवाखान्यांवर सोलर पॅनेल बसवायची कामं घ्यायला त्याने किशोरशी भागीदारी केली. मोजमापं देवव्रतची, ऑफिसातल्या ओळखी किशोरच्या. पेठकडच्या एका आश्रमशाळेचं टेंडर निघालं, तेव्हा देवव्रतने गच्ची मोजून नकाशा केला, दर काढला. किशोर तो नकाशा घेऊनच वेगळा झाला, दर जरासा उतरवून स्वतःच्या नावाने टेंडर भरलं आणि काम पटकावलं. याच घरात मांडी घालून पुरणपोळ्या चापल्या होत्या त्याने! "त्याची चांगली जिरव," असं श्यामलाताई येता-जाता मुलाला म्हणायच्या.

"जिरणार आहे," देवव्रत आज म्हणाला होता. "उद्या तो आश्रमशाळेच्या गच्चीवर काँक्रीटचे ठोकळे चढवतोय."

"ते कशाला?"

"पॅनेल वाऱ्याने उडू नयेत म्हणून. माझ्या नकाशाप्रमाणे ठेवणार, थेट मुलींच्या झोपायच्या खोलीवर. तो वेगळा झाल्यावर मी पुन्हा पाहणी करून आलो होतो. हातोडी मारली तर तिथला स्लॅब पोकळ वाजला. आतल्या सळया गंजल्यात. मी नवा नकाशा केला, त्याच्याकडे जुनाच आहे."

"त्याने जागा पाहिली नाही?"

"साहेब कसले पेठचा घाट चढतात! पाहणीचा दाखला खुर्चीत बसून मिळवला. आता स्लॅबला तडा गेला, की काळ्या यादीत. पुन्हा टेंडर भरायचं नाव काढणार नाही."

"आणि खाली मुली झोपतात, त्यांचं?"

"आधी पोपडे पडतात, आई. कळतं माणसांना."

"दरवेळी कळतं?"

देवव्रतने ताट सरकवलं. "मी नाही सांगणार त्या चोराला. जिरव म्हणणारी तूच ना?" एवढं बोलून तो गाडी काढून निघून गेला.

किशोरने चारचौघांत मान खाली घातलेली बघायची, हे चित्र श्यामलाताईंनी कितीदा मनात रंगवलं होतं. आजही ते गोडच लागत होतं. पण आता त्यात खाली ओळीने पसरलेल्या गोधड्या दिसायला लागल्या होत्या, आणि वर, हे सगळं माहीत असून गप्प राहिलेला आपला मुलगा.

शाळेतल्या कुणाचा नंबर त्यांच्याकडे नव्हता. किशोरचा होता. "जेवायला येतोस ना रे?" असं विचारायला पूर्वी लागायचा.

तो ठोकळे दुसरीकडे हलवेल, काम पुरं करेल, वर मिरवेल. मिरवू दे. माफी मात्र मिळायची नाही. आधी स्लॅबचं सांगायचं आणि मग, इतके दिवस पोटात साठलंय ते सगळं त्याला ऐकवायचं. मुलगा घरी आल्यावर भांडेल, तर भांडू दे.

श्यामलाताईंनी चष्मा लावला आणि मोबाइलमध्ये किशोरचं नाव शोधायला घेतलं.